वादविवादाच्या वर्गात ‘किआलो एज्यु’ कितपत कामाचं?

वादविवाद स्पर्धेची तयारी म्हणजे मुद्द्यांची लांबलचक यादी, असं बहुतेक शाळा-कॉलेजांत चालतं. कोणता मुद्दा कशाच्या आधारावर उभा आहे, हे तपासायचं राहूनच जातं. ती खोड मोडायला किआलो एज्यु हे वर्गातल्या चर्चेसाठीचं संकेतस्थळ चांगलं आहे, आणि शिक्षकांना ते फुकट वापरता येतं. वर मूळ विधान, त्याखाली एका बाजूला हिरवे समर्थनाचे मुद्दे, दुसऱ्या बाजूला लाल विरोधाचे. प्रत्येक मुद्द्याखाली पुन्हा तेच दोन रकाने, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटत जातात.

‘मराठी शाळांत पाचवीपासून गणित इंग्रजीतून शिकवावं’ हे विधान घ्या. हिरव्या रकान्यात हमखास असं येतं: ‘सेमीमुळे अकरावी सायन्स जड जात नाही आणि पालक मुलांना मराठी शाळेतच ठेवतात.’ हे दोन वेगळे दावे आहेत. पहिल्याला अकरावीतल्या गुणांचा पुरावा लागेल, दुसऱ्याला शाळेच्या पटाचा. एकत्र ठेवले की एक खोडला तरी दुसराही पडल्यासारखा वाटतो. अशा मुद्द्यावर ‘एकाहून जास्त दावे’, ‘आधार नाही’ अशी खूण करता येते. ही खूण शिक्षकांनी न करता मुलांना एकमेकांच्या मुद्द्यांवर करायला लावावी. खरा अभ्यास तिथेच होतो.

सगळ्यात जास्त घोळ रंगांचा. हिरवा-लाल हे लगतच्या वरच्या मुद्द्यापुरतं असतं, मूळ विधानापुरतं नाही. लाल मुद्द्याखालचा हिरवा मुद्दा त्या विरोधालाच बळ देतो. हे आधी फळ्यावर तीन पायऱ्या काढून दाखवलं नाही, तर अर्धी फांदी उलटी लागते.

मतदानाची सोय मात्र जपून वापरावी. मुद्द्याचा प्रभाव ० ते ४ असा नोंदवायचा असतो, पण मुलं मुद्दा पटला की ४ देऊन मोकळी होतात. मुद्दा खरा असूनही वरच्या दाव्याला त्याने काही फरक पडत नसेल, तर गुण कमीच हवेत.

खरी उणीव वेगळीच आहे. ‘पुढे परिभाषा इंग्रजीत लागते, म्हणून आधीपासून शिकवा’ यात ‘लवकर शिकलेली परिभाषा पक्की बसते’ हे गृहीत धरलंय. तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिनने १९५८ साली मांडलेल्या युक्तिवादाच्या आराखड्यात कारण आणि दावा जोडणाऱ्या अशा दुव्याला स्वतंत्र जागा आहे. न्याय या भारतीय तर्कशास्त्रातही नुसता हेतू, म्हणजे कारण, पुरत नाही; व्याप्ती, म्हणजे कारण आणि निष्कर्ष यांचा कायमचा संबंध, दाखवावी लागते. किआलोत त्यासाठी रकाना नाही. तोडगा असा: समोरच्या गटाने ते गृहीतक शोधून त्या मुद्द्याखाली हिरव्यात लिहायचं, मान्य करून घ्यायचं, मगच त्यावर लाल मुद्दा टाकायचा. समोरच्याच्या तोंडी भलतंच वाक्य घालून ते पाडायची सवय यानेच सुटते.

निनावी चर्चेची सोय लाजऱ्या मुलांसाठी उत्तम. पण नावं लपली की काही जण फक्त लाल मुद्दे टाकत सुटतात, स्वतःची बाजू मांडतच नाहीत; शुद्ध वितंडा. प्रत्येकाला दोन लालमागे एक हिरवा सक्तीचा करावा. ‘संशोधन सांगतं’ एवढ्यावर भागवणाऱ्यांना दुवा जोडायला लावावा, आणि त्या दुव्यात खरंच तेच लिहिलंय का, हे दुसऱ्या गटाने वाचून पाहावं.

आवाज, थांबे, श्रोत्यांचा अंदाज यातलं काही इथे शिकता येत नाही. आणि मोबाइलवर खोल फांदीत शिरलं की आपण कुठे आहोत तेच कळेनासं होतं. शक्य असेल तर संगणक कक्षच मागून घ्या.