शमीमा बेगमवरचा बीबीसीचा पॉडकास्ट: पाचपैकी चार स्टार

‘आय ॲम नॉट अ मॉन्स्टर’चा दुसरा सीझन (2023) ऐकून संपवला. पूर्व लंडनमधली 15 वर्षांची शाळकरी पोरगी फेब्रुवारी 2015 मध्ये दोन मैत्रिणींसोबत घरातून निघते, विमानाने इस्तंबूल आणि तिथून सीरियात थेट आयसिसकडे, एवढं बातम्यांमुळे माहीत होतं, पण पत्रकार जॉश बेकर तिच्याकडून सगळं सविस्तर वदवून घेतो आणि ती म्हणते ते खरं का हे स्वतः फिरून तपासतो, ते जाम आवडलं. निघताना बॅगेत मिंट चॉकलेटं भरली होती, का तर तिकडे मिळणार नाहीत! पोटात गोळाच आला ऐकून. तरी तिला नुसती बिचारी करून सोडलेलं नाही, दहशतवादी संघटनेत गेले हे ती स्वतः कबूल करते. तिला सीरियात पोचवणारा माणूस कॅनडाच्या गुप्तचरांसाठी काम करत होता, तो भाग तर मी दोनदा ऐकला.

एक स्टार कापला कारण कायद्याची बाजू अजून खोलात हवी होती. 2019 मध्ये ब्रिटनने नागरिकत्व काढलं, आईवडिलांमुळे ती बांगलादेशचीही नागरिक ठरते म्हणे, आणि बांगलादेश म्हणतं आमचा संबंध नाही. काही आठवड्यांतच तिचं तान्हं बाळ सीरियातल्या कुर्दांच्या ताब्यातल्या छावणीत दगावलं, ते तर ब्रिटिशच होतं ना! 2024 मध्ये अपील कोर्टानेही सरकारचीच बाजू धरली, ते नंतरचं असल्याने वेगळं वाचावं लागेल.

माझं मत विचाराल तर तिला परत आणा आणि कोर्टात उभं करा. माफ करा असं म्हणतच नाहीये, आयसिसने इराकमधल्या यझिदी या अल्पसंख्याक समाजाच्या बायकांचे जे हाल केले ते विसरायचे नाहीतच. पण जन्म लंडनचा, शाळा लंडनची, नादाला लागली तीही लंडनमध्ये बसून, मग सांभाळायचं सीरियातल्या कुर्दांनी का? आपल्या कल्याणची चार पोरं 2014 मध्ये आयसिसमध्ये जायला इराकला गेली, त्यातला एक त्याच वर्षी परतला, एनआयएने लगेच अटक केली, केस चालू झाली, सहाएक वर्षं आत काढल्यावर 2021 मध्ये हायकोर्टाने जामीन कायम ठेवला. खटला एवढा रखडणं वाईटच, पण निदान पुरावे, साक्षीदार, उलटतपासणी सगळं आपल्या कोर्टात. नागरिकत्वच काढलं की ना शिक्षा होते ना सुटका.

घरात 14-15 वर्षांची मुलं असतील तर सोबत बसून ऐका, ऑनलाइन गोड बोलून कसं ओढतात तो भाग तर नक्कीच.