सायकसवरची पांढरी खवले कीड आणि हॉर्टिकल्चरल ऑइल : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. हॉर्टिकल्चरल ऑइल, म्हणजे पाण्यात मिसळून झाडावर फवारायचं तेल, काम करतं, आणि सायकसवर खवले कीड पडली असेल तर सगळ्यात आधी हेच घ्या असं मी सांगेन. पण एका फवारणीत झाड स्वच्छ होईल या आशेवर घेणार असाल तर घेऊ नका.

माझं झाड सायकस रिव्होल्यूटा, ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, कुंडीतलं, जुनं, बुंध्याला कोंब फुटलेलं. पानांच्या खालच्या बाजूला पांढरे ठिपके आले, वरून पिवळे डाग दिसायला लागले आणि बघता बघता पाती चुना उडाल्यासारखी झाली. चिकटा (किडीचा गोड चिकट स्राव) नाही, काळी बुरशी नाही, मुंग्याही नाहीत. म्हणजे ही चिकटा न सोडणारी, कवचवाली खवले कीड, औलाकास्पिस यासुमात्सुई. मूळची आग्नेय आशियातली. 1996 मध्ये ती फ्लोरिडात सापडली, 2003 मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर, आणि तिथल्या जंगलातले सायकस मायक्रोनेसिका तिने हजारोंनी मारले. एक मादी शंभराहून जास्त अंडी घालते आणि उबदार हवेत महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. म्हणून 'थोडीच आहे, बघू पुढे' हे या किडीबाबत अजिबात चालत नाही.

तेल किडीचा श्वास कोंडून तिला मारतं. जिथे थेंब पोहोचला तिथली कीड मेली, बाजूची जिवंत. सगळा खेळ इथेच आहे. रिव्होल्यूटाच्या पात्याच्या कडा खाली वळलेल्या असतात आणि त्या दुमडीत खवले ओळीने बसलेले असतात. वरून कितीही फवारलं तरी तिथे काही जात नाही. नोझल वर तोंड करून, पान एका हाताने उचलून, खालून तेल ओघळेपर्यंत फवारावं लागतं. देठांच्या बुडाशी, शेंड्यातल्या लवेत आणि बाजूच्या कोंबांवरही. वेळखाऊ आहे, हात भरून येतात, पण याला पर्याय मला सापडला नाही.

प्रमाण लिटरला 10 ते 20 मिली, म्हणजे एक ते दोन टक्के. तुमच्या बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. पंप मध्ये मध्ये हलवत राहा, तेल वर तरंगतं. कडक उन्हात, तहानलेल्या झाडावर किंवा नुकत्याच उलगडणाऱ्या कोवळ्या पानांवर मारू नका, पानं करपतात. गंधकाची फवारणी झाली असेल तर काही आठवडे थांबा. आईच्या कवचाखालची अंडी बऱ्याचदा वाचतात आणि 8 ते 12 दिवसांत फुटतात. त्यामुळे दोनेक आठवड्यांनी पुन्हा, आणि मग पुन्हा, असं करावंच लागतं.

फवारल्यावर झाड तितकंच पांढरं दिसतं. मेलेले खवले गळत नाहीत, महिनोन्महिने चिकटून राहतात, आणि इथेच लोक 'औषध लागू पडलं नाही' म्हणून सोडून देतात. मी नखाने खवला उचलून चिरडून बघते. नारिंगी-पिवळा ओला डाग उमटला तर जिवंत, कोरडा भुगा झाला तर मेला. पहिल्या फवारणीनंतर ओले डाग बरेच होते, आता शोधावे लागतात. देठाला उलटी चिकटपट्टी गुंडाळली की रांगणारी बारीक पिल्लंही तिच्यावर सापडतात. पिल्लं दिसली की लगेच फवारायचं, कारण या वयात त्यांच्यावर कवच नसतं. खरा पुरावा मात्र नवा तुरा, म्हणजे शेंड्यातून एकदम फुटणारी नवी पानं. या खेपेचा तुरा उलगडून कडक झाला आहे आणि खालून हिरवागार आहे. त्याच्याकडे मी रोज बघते, इतका आनंद आहे त्याचा!

कमतरता दोन. एक, पानांवरची मेणचट निळसर झाक तेलाने जाते. रिव्होल्यूटाला फरक पडत नाही, पण निळ्या एन्सेफालार्टोसवर (सायकसचा आफ्रिकी नातेवाईक) मी हे मारणार नाही. दुसरी जास्त गंभीर : ही कीड मुळांवरही असते आणि पानांवरचं तेल तिथे जात नाही. बुंध्यालगतची माती उकरली तेव्हा मुळांवर तेच पांढरे ठिपके होते. मुळांसाठी मातीतून द्यायचं आंतरप्रवाही (झाडाने शोषून अंगभर पसरणारं) औषध लागतं, आणि त्यात डायनोटेफ्युरान निवडा. इमिडाक्लोप्रिड सर्रास सुचवलं जातं, पण कवचवाल्या खवल्यांवर ते फारसं चालत नाही. ही किटकनाशकं मधमाश्यांना घातक आहेत, त्यामुळे फुलझाडांच्या वाफ्याशेजारी देताना जपून.

फार भरलेली पानं मी फवारण्याआधीच कापली आणि पिशवीत बांधून टाकली, खतात घातली नाहीत. सायकस विषारी असतो, घरात कुत्रं असेल तर कापलेली पानं आणि बिया त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. आणि नवीन सायकस आणलात तर जुन्यांपासून लांब ठेवा, निदान दोन महिने, आणि दर आठवड्याला पानं उलटून बघा.