आयलरची ‘स्पिरिच्युअल युनिटी’: कोणती प्रत घ्यावी, कशी लावावी

फ्री जॅझचा (ठरलेल्या ठेक्यात न बांधलेल्या, मुक्त वाजवलेल्या जॅझचा) संग्रह सुरू करायचा असेल तर पहिली रेकॉर्ड आल्बर्ट आयलर ट्रिओची ‘स्पिरिच्युअल युनिटी’ घ्यावी. कंपनी ईएसपी-डिस्क, क्रमांक 1002. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या डिसेंबर 1960 मधल्या दुहेरी चौकडीचा (चौघांचे दोन संच एकत्र) मान इतिहासात मोठा आहे, पण तिथे आठ जण एकाच वेळी बोलतात आणि नवा कान बावचळतो. इथे तिघंच आहेत: टेनर सॅक्सोफोनवर आयलर, डबल बासवर गॅरी पीकॉक, ड्रम्सवर सनी मरे. 10 जुलै 1964 रोजी न्यूयॉर्कच्या व्हरायटी आर्ट्स स्टुडिओत ही रेकॉर्ड झाली. तुकडे चार, आणि सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपतं.

ऐकताना लक्ष सॅक्सोफोनकडे जातंच, त्यासाठी कुणी सांगावं लागत नाही. खरी गंमत मरेच्या झांजांत आहे. मरे ठेका धरत नाही. झांजेवर बारीक, सलग सरसर चालू असते, मध्येच ती दाट होते, मध्येच विरळ, आणि त्या सरसरीवर बाकीचे दोघं हवे तिथे उतरतात. समेची वाट पाहायची सवय असलेल्या कानाला सुरुवातीला हे अधांतरी वाटेल. अशा वेळी बास धरून ठेवावा. पीकॉक चार मात्रांची चाल देत बसत नाही. आयलरच्या वाक्यांना तो उत्तरं देतो, मधूनच वरच्या पट्टीत जातो, आणि एकदा तो धागा कानाला सापडला की बाकीचं आपोआप उलगडतं. आवाज थोडा वाढवलात तर ड्रम्सच्या मागून मरेचं स्वतःचं गुणगुणणं, कण्हणंही ऐकू येतं.

‘घोस्ट्स’ची मूळ चाल भोंडल्याच्या गाण्याइतकी साधी आहे, एकदा ऐकली की म्हणता येते. आयलर ती रुंद, थरथरत्या कंपनाने मांडतो, मग सूर सोडून नुसत्या पोताकडे जातो (घोगरेपणा, किंकाळी, खालचा गुरगुराट) आणि शेवटी पुन्हा चालीवर येतो. हा तुकडा रेकॉर्डवर दोनदा आहे: पहिल्या बाजूच्या सुरुवातीला साधारण पाच मिनिटांचा, दुसऱ्या बाजूच्या शेवटी दहा मिनिटांचा. दोन्ही लागोपाठ लावून पाहा. चाल तीच असते, पण तिच्यातून बाहेर पडायच्या वाटा वेगळ्या, आणि मुक्त वादनात किती शिस्त असते ते तिथे कळतं. ‘द विझर्ड’ सगळ्यात वेगवान आहे. ‘स्पिरिट्स’ संथ आणि शोकाकुल. चारांत सर्वांत थोर तुकडा तोच.

आता प्रतीविषयी. मूळ ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं आहे. कव्हरवर ‘स्टिरिओ’ छापलेलं दिसलं तरी त्याला जास्त पैसे देऊ नयेत, कारण डावं-उजवं त्या टेपवर नव्हतंच. बर्नार्ड स्टॉलमन या वकिलाने काढलेल्या ईएसपी-डिस्कच्या 1960 च्या दशकातल्या प्रती महाग आहेत आणि त्यांचा कागदोपत्री गोंधळही मोठा. पहिल्या प्रतींसोबत पॉल हेन्सच्या मजकुराची छोटी पुस्तिका होती. ती बहुतेक वेळा हरवलेली असते, म्हणून ‘पुस्तिकेसह’ असा स्पष्ट उल्लेख आणि तिचा फोटो असल्याशिवाय त्या भावाला होकार देऊ नये. काही जुन्या प्रतींवर चुकून ‘स्पिरिट्स’च्या जागी वेगळाच तुकडा छापला गेला. लेबल वाचून हे कळत नाही, दुसरी बाजू वाजवूनच पाहावं लागतं. तो चुकीचा तुकडा म्हणजे ‘व्हायब्रेशन्स’, जो 2014 च्या पन्नासाव्या वर्षाच्या सीडी आवृत्तीत रीतसर जोडला आहे. नुसतं संगीत हवं असेल तर हीच सीडी घ्यावी, पाचही तुकडे एका ठिकाणी मिळतात. रेकॉर्डच हवी असेल तर ईएसपीची अलीकडची पुनर्मुद्रित प्रत पुरेशी आहे. इटलीत बेस कंपनीने काढलेल्या प्रती जुन्या बाजारात बऱ्यापैकी दिसतात. त्या वाईट नाहीत, मात्र मूळ अमेरिकन म्हणून खपवल्या जात असतील तर कव्हरची मागची बाजू आणि लेबलवरचा बारीक मजकूर वाचावा.

जुनी प्रत घेताना नेहमीचा प्रश्न: हा खरखरीतपणा आयलरचा की झिजलेल्या ग्रूव्हचा (सुई ज्या खाचेतून जाते तिचा)? आयलर कडक प्लास्टिकच्या रीडवर (सॅक्सोफोनच्या तोंडाशी कंप पावणाऱ्या पट्टीवर) जोरात फुंकायचा, त्यामुळे सॅक्सोफोन फाटल्यासारखा येतो तो मूळचाच. म्हणून परीक्षा सॅक्सोफोनची न घेता झांजांची घ्यावी. पहिल्या बाजूची पहिली दोन मिनिटं ऐका, लगेच दुसऱ्या बाजूची शेवटची दोन ऐका. सुरुवातीला स्वच्छ असलेली झांज शेवटी तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचरत असेल तर ग्रूव्ह झिजलाय किंवा सुई नीट बसलेली नाही. कारण सरळ आहे. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगात बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर ग्रूव्ह जातो, लेबलजवळ जेमतेम 21. वरच्या पट्टीतले तरंग तेवढ्याच कमी जागेत दाटतात आणि सगळ्यात आधी झांज मरते. सुदैवाने या रेकॉर्डच्या बाजू छोट्या आहेत, पहिली साडेबारा मिनिटांची, दुसरी सतराच्या आत. त्यामुळे चांगल्या छपाईत शेवटही स्वच्छ यायला हवा. नाही आला तर आधी प्रोट्रॅक्टर (कोन मोजायची पट्टी) ठेवून कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, कोन तपासा, मग विक्रेत्याला दोष द्या.

अ‍ॅम्प्लिफायरवर मोनो बटण असेल तर ते दाबा. मोनो ग्रूव्हमध्ये संगीत आडव्या हालचालीत असतं. उभी हालचाल म्हणजे निव्वळ धूळ आणि झीज, आणि दोन्ही चॅनेल एकत्र केले की ती एकमेकांना बाद करते. ‘स्पिरिट्स’च्या शांत जागांत हा फरक ठळक कळतो. मोनो रेकॉर्ड बऱ्याच असतील तर ऑर्टोफोन 2एम मोनोसारखं कार्ट्रिज घ्यायला हरकत नाही. त्याच्या सुईचा रेकॉर्डवरचा भार 1.8 ग्रॅमवर लावावा. घाबरून तो दीड ग्रॅमच्या खाली आणला तर आयलरच्या मोठ्या फुंकेला सुई ग्रूव्हमध्ये नीट टेकत नाही, उसळते, आणि नुकसान उलट जास्त होतं.

कोकणपट्टीत, मुंबईत पावसाळ्यात रेकॉर्डवर दुधी ठिपके येतात. ती बुरशी असते, फडक्याने कोरडी पुसली की ग्रूव्हमध्ये आणखी आत जाते. 1 लिटर डिस्टिल्ड वॉटर, 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या लिक्विड सोपचे दोन थेंब असं मिश्रण करून मऊ ब्रशने ग्रूव्हच्या दिशेने फिरवावं. लेबल कोरडं ठेवावं. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवावं, नाहीतर साबणाचा थर आत वाळतो आणि सुईवर गोळा होतो. नळाचं पाणी नको, त्यातला क्षार राहतो. धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालू नये, बुरशी त्या कागदातही असते. पीव्हीसीची जाड बाहेरची पाकिटंही टाळावीत, उन्हाळ्यात त्यांचा धुरकट थर रेकॉर्डवर उतरतो. आणि हे मिश्रण घरातल्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना चुकूनही लावू नये, अल्कोहोलने लाख विरघळते.

उणीव एक सांगायलाच हवी: तिघंही जोरात आले की बास मागे पडतो. टोन कंट्रोलने खालचे सूर वाढवून उपयोग होत नाही, नुसती घरघर वाढते. स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे आणले तर पीकॉकची बोटं जास्त नीट ऐकू येतात.

ही रेकॉर्ड भावली तर पुढची खरेदी ‘प्रॉफेसी’. हेच तिघं, जवळपास चार आठवडे आधी, 14 जून 1964 ला न्यूयॉर्कच्या सेलर कॅफेत प्रेक्षकांसमोर वाजवताना. ‘घोस्ट्स’ आणि ‘द विझर्ड’ तिथेही आहेत. आवाज स्टुडिओइतका नेटका नाही, पण मरे तिथे जास्त मोकळा सुटलाय.