जिंकणाऱ्यांना घरी पाठवण्याचा बेत : ‘ओशन्स थर्टीन’

दरोड्याच्या चित्रपटात दरोडेखोरांना पैसे हवे असतात, हे गृहीत धरूनच आपण तो पाहायला बसतो. स्टीव्हन सोडरबर्ग दिग्दर्शित ‘ओशन्स थर्टीन’ (२००७) या चित्रपटात मात्र डॅनी ओशनच्या टोळीला स्वतःचा खिसा भरण्यापेक्षा दुसऱ्याचा रिकामा करण्यात अधिक रस आहे. टोळीतला वयोवृद्ध रूबेन टिशकॉफ (इलियट गूल्ड) लास वेगसमधल्या एका नव्या कॅसिनोत विली बँकचा (अल पचिनो) भागीदार होतो. बँक त्याला धमकावून त्याचा हिस्सा लिहून घेतो आणि त्या धक्क्याने रूबेनला हृदयविकाराचा झटका येतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याभोवती जमलेले जुने साथीदार ठरवतात की, कॅसिनोच्या उद्घाटनाच्याच रात्री बँकचे दिवाळे काढायचे. (आडनावावरची कोटी मराठीतही जशीच्या तशी जुळते.)

दिवाळे काढण्याची ही रीत मला या चित्रपटातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. कॅसिनोचा मालक नशिबावर कधीच विसंबून नसतो. दोन शून्ये असलेल्या अमेरिकी रूलेच्या चाकावर ३८ घरे असतात आणि एका आकड्यावर लावलेला डाव लागला तर ३५ पट रक्कम मिळते. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर मालकाच्याच गल्ल्यात उरतात. शिवाय जिंकलेला माणूस सहसा उठत नाही, तो खेळत राहतो आणि आलेले पैसे हळूहळू तिथेच परत करतो. म्हणूनच फासे, पत्ते पिसण्याची यंत्रे आणि स्लॉट मशीन यांत फेरफार करून सगळ्यांना जिंकवणे, तसेच खेळाडूंच्या शारीरिक प्रतिक्रियांवरून लबाडी ओळखणारी संगणकीय पहारेकरी यंत्रणा थोडा वेळ बंद पाडणे, एवढ्याने भागत नाही. जिंकलेली माणसे पैसे घेऊन दाराबाहेर पडली पाहिजेत, आणि त्यासाठी टोळी इंग्लिश खाडीखालचा बोगदा खणणारे अवाढव्य यंत्र आणून कॅसिनोखाली कृत्रिम भूकंप घडवते. बेत अर्थातच अशक्य कोटीतला आहे, पण पटकथाकार ब्रायन कॉपलमन आणि डेव्हिड लेव्हीन यांनी त्या वेडेपणामागचा हिशेब पक्का ठेवला आहे.

विनोदाची उत्तम जागा या यंत्रसामग्रीपासून फार दूर आहे. सदोष फासे बनवून घेण्यासाठी मेक्सिकोतल्या कारखान्यात कामगार म्हणून पाठवलेला व्हर्जिल (केसी ॲफ्लेक) तिथली परिस्थिती पाहून चक्क संप घडवून आणतो, आणि त्याला ताळ्यावर आणायला गेलेला भाऊ टर्कही (स्कॉट कान) संपात सामील होतो. इकडे कोट्यवधींच्या गणितात बुडालेले सूत्रधार कामगारांची मागणी विचारतात, तेव्हा ती सगळ्यांची मिळून केवळ ३६ हजार डॉलरची निघते. त्या आकड्यानंतरची क्षणभराची स्तब्धता लांबलचक भाषणापेक्षा अधिक सांगते, आणि चित्रपट तिथे एक वाक्यही जास्त बोलत नाही.

तितकाच बहारदार आहे तो हॉटेलचा परीक्षक (डेव्हिड पेमर). टोळीतला सॉल (कार्ल रायनर) स्वतःच परीक्षक असल्याचे सोंग घेऊन सगळा पाहुणचार लुटतो, आणि खरा परीक्षक दुर्गंधी, ढेकूण व पुरळ यांच्या तावडीत सापडतो. पेमर हे हाल अशा सज्जन अगतिकतेने सोसतो की, हसता हसता आपल्याला थोडे अपराधीही वाटू लागते.

उणीव आहे ती धोक्याची. अल पचिनोसारखा नट हाताशी असूनही बँक खरोखर घातक वाटत नाही. तो रागावतो, गरजतो आणि फसत जातो. बोगदा खणणारे यंत्र बिघडून पैसे संपतात, तेव्हा टोळी आपल्या जुन्या शत्रूकडे, टेरी बेनेडिक्टकडे (अँडी गार्सिया) हात पसरते. बँकच्या इमारतीची सावली आपल्या जलतरण तलावावर पडते, याचा त्याला राग आहे, आणि बदल्यात त्याला बँकचे हिरे हवे आहेत. हा पेच मात्र फार लवकर सुटतो. जॉर्ज क्लूनी आणि ब्रॅड पिट यांची अर्ध्या वाक्यांतली सहज संभाषणे, सोडरबर्गने पीटर अँड्रूज या नावाने स्वतःच केलेले लाल-सोनेरी छायाचित्रण आणि डेव्हिड होम्सचे तालबद्ध संगीत यांमुळे १२२ मिनिटे जड जात नाहीत. आधीच्या ‘ओशन्स ट्वेल्व्ह’पेक्षा (२००४) कथाही बरीच सरळ चालते. पण काही बिनसेल अशी भीती एकदाही वाटली नाही.

माझी खरी तक्रार ॲबिगेल स्पॉन्डरबद्दल आहे. एलेन बार्किनने बँकची ही करडी सहायक झोकात उभी केली आहे, परंतु पटकथेने तिला टोळीतल्या, खोटे नाक लावलेल्या लायनसच्या (मॅट डेमन) रासायनिक मोहिनीला बळी पडण्यापलीकडे फारसे काही दिलेले नाही. ज्यांना ज्यांना या सूडाची झळ बसली, त्यांची भरपाई करण्याबाबत डॅनीची टोळी एरवी फार दक्ष आहे : कामगारांना त्यांचे पैसे मिळतात, आणि छळ सोसलेल्या परीक्षकाला शेवटी विमानतळावरच्या स्लॉट मशीनमधून १ कोटी १० लाख डॉलर लागतात. ॲबिगेलसाठी मात्र कोणी एक नाणेही टाकत नाही.