पंखा एक नंबर, फिटिंगचं सामान मात्र वैताग

मागच्या रविवारी हॉलसाठी १२०० एमएमचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा घेतला, हवा मस्त, आवाज नाही, रिमोट पण नीट चालतो, त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती लटकवायच्या सामानाची. कंपनीचं नाव घेत नाही कारण बहुतेक पंख्यांचं हेच आहे. शिडीवर उभं राहून एका हाताने मोटर पेलायची, शॅकलच्या (रॉडच्या वरच्या टोकाच्या यू आकाराच्या कडीच्या) दोन पट्ट्यांमधे रबराची पुली धरून ती स्लॅबच्या हुकात बसवायची, मग त्यातून बोल्ट आरपार, वॉशर, नट आणि शेवटी ती बारकी स्प्लिट पिन, जिचे पाय पकडीने वाकवायचे, हे सगळं डोक्याच्या वर! पिन माझ्या हातून दोनदा सुटली, दुसऱ्यांदा थेट सोफ्याखाली गेली आणि तोवर बाबा खालून पंख्याला हात देऊन उभे.

अहो, अमेरिकेत आधी छताला ब्रॅकेट लावतात, रॉडच्या टोकाला गोळा असतो, तो ब्रॅकेटच्या खोबणीत बसवला की पंखा लटकतो आणि वायरिंगला दोन्ही हात मोकळे. आपल्याकडे हुक आहे, ठीक आहे, पण मग निदान बोल्ट शॅकलमधून निसटणार नाही असा तरी द्या, वायरला पुश कनेक्टर द्या, म्हणजे वायर नुसती आत दाबली की जोडली जाते.

सेफ्टी वायर (बोल्ट सुटलाच तर पंखा धरून ठेवणारी) दिलीये हे चांगलं केलं, ती लावल्याशिवाय इलेक्ट्रिशियनला सोडू नका, खूपदा ती खोक्यातच राहते.

पंख्याला ४ स्टार, फिटिंगला २.