चेहऱ्याच्या उतरत्या त्वचेसाठी शस्त्रक्रियेविना उपचार : सोलापुरातील वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी चेहऱ्यासाठी चार गोष्टी वापरल्या: रोज सकाळी सनस्क्रीन, रात्री ट्रेटिनॉइनचे मलम, हिवाळ्यात ग्लायकोलिक पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढण्याचा उपचार) आणि उन्हाळ्याच्या तोंडावर भुवयांच्या मधोमध बोटॉक्सचे इंजेक्शन. फिलर (बसलेला भाग भरणारे इंजेक्शन), लेझर आणि हायफू (ध्वनिलहरींचा उपचार) या तिन्हींची सविस्तर चौकशी करून ते बाजूला ठेवले. माझे वय ५३, पाळी बंद होऊन काही वर्षे झालेली, वर्ण गव्हाळ, आणि नोकरीपायी कित्येक वर्षे जुळे सोलापूर ते नवी पेठ असा दुचाकीचा प्रवास. हे आधीच सांगते, कारण या उपचारांचा परिणाम नुसत्या वयावर ठरत नाही. वर्ण, ऊन आणि हार्मोन यांचाही त्यात मोठा वाटा असतो, आणि दुसऱ्यांचे अनुभव वाचताना नेमका हाच तपशील सापडत नाही.

चौकशीच्या काळात बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न खर्चाच्या तयारीचा होता आणि लगेच सहा बैठकांचे पॅकेज समोर येत होते. अखेरीस ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे उपचार घेतले, त्यांनी पहिल्या भेटीत काहीच विकले नाही. त्यांनी हातात आरसा दिला, कपाळाला आठ्या घालायला लावल्या, मग चेहरा सैल सोडायला सांगितला आणि खिडकीशी बसवून गालाची कातडी चिमटीत धरून पाहिली. “मॅडम, तुमच्या चेहऱ्यावर चार वेगवेगळ्या गोष्टी चालल्या आहेत, त्या एका उपचाराने जाणार नाहीत,” असे त्या म्हणाल्या. उन्हाचे डाग आणि खरखरीतपणा हा त्वचेच्या वरच्या थराचा प्रश्न. भुवयांमधल्या आठ्या स्नायूंच्या. गाल बसणे हे आतली चरबी आणि हाड कमी झाल्यामुळे. आणि जबड्याची कड सैल होणे हा खोलवरचा ताण गेल्याचा परिणाम. पील आठीपर्यंत पोहोचत नाही आणि बोटॉक्स डागाला हात लावत नाही. त्यामुळे ‘कोणता उपचार चांगला’ हा प्रश्न तसाच विचारला, तर त्याला समोरच्याकडे असलेल्या यंत्राचे नाव हेच उत्तर मिळते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. माझ्या बाबतीत डाग आणि खरखरीतपणा सर्वांत जास्त होता, आठ्या त्याखालोखाल, आणि बाकीच्या दोन गोष्टी अजून सोसण्याजोग्या होत्या. पुढची सगळी निवड या क्रमाने झाली.

सुरुवात सनस्क्रीनने झाली. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्वचेला सुरकुत्या आणणारे अतिनील-अ किरण उष्णतेवर अवलंबून नसतात. ते डिसेंबरातही असतात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात. डब्यावरचा एसपीएफ हा संरक्षणाचा आकडा मुख्यतः अतिनील-ब, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांपुरता असतो. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन ही किरणे सुमारे ९७ टक्के अडवते आणि एसपीएफ ५० चे सुमारे ९८ टक्के, म्हणजे आकड्यांमधला फरक जाहिरातीत दिसतो तेवढा मोठा नाही. अतिनील-अ साठी डब्यावरील पीए या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हे पाहावी लागतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात, म्हणून मला लोह ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन दिले होते. त्याचा दुसरा फायदा असा, की चेहरा भस्म फासल्यासारखा पांढरट दिसत नाही. तर्जनी आणि मधले बोट यांवर भरून येईल एवढे मलम चेहऱ्याला आणि मानेला लागते. एवढे लावले की पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही, आणि या साऱ्या उपक्रमातला खरा आवर्ती खर्च हाच आहे. घामाने ते दुपारपर्यंत उतरते, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत पुन्हा लावावे लागते. स्कार्फ गुंडाळला म्हणून मी सनस्क्रीन सोडले नाही, पण उन्हाळ्यात दोन्ही असल्याचा फरक जाणवला. ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनास येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत, २४ टक्के कमी जरठ झाल्याचे आढळले. एवढा भरभक्कम पुरावा मला सांगितलेल्या महागड्या यंत्रांपैकी एकाच्याही बाजूने कोणी पुढे ठेवला नाही.

ट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व अ चे आम्लरूप आहे. ते आधी मुरुमांसाठी वापरात होते. उन्हाने जरठ झालेल्या त्वचेवर त्याचा उपयोग होतो, हे अमेरिकेतील त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये मांडले. ते त्वचेच्या पेशींची उलाढाल वाढवते, नव्या कोलॅजनला (त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाला) चालना देते आणि असलेले कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) आवर घालते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटते असे मानले जाते, त्यामुळे माझ्या वयाच्या बायकांसाठी या औषधाचे महत्त्व वेगळे आहे. मी ०.०२५ टक्क्यांपासून सुरुवात केली: आठवड्यातून दोनच रात्री, धुतलेला चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, आधी साधे मॉइश्चरायझर, त्यावर सबंध चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे मलम. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या बाजू आणि ओठांचे कोपरे सोडायचे.

पहिले दीड-दोन महिने कठीण जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. हनुवटीची कातडी पापुद्र्यांसारखी सुटत होती, गाल लालसर दिसत होते, आणि आमच्या जाऊबाईंनी भर जेवणाच्या पंगतीत “काही चावलंय का तुम्हाला?” असे विचारले. हा त्रास रोजच्या वापराच्या घाईने वाढतो. रात्रींची संख्या वाढवण्याऐवजी मी आठवड्यातून दोन रात्रींवरच थांबले आणि पुढे दिवाळीच्या सुमारास एक दिवसाआड आले. या काळात ओठांवरचे केस वॅक्सने काढू नयेत, कारण मेणासोबत कातडीही निघते. गरोदर असलेल्या किंवा तशी शक्यता असलेल्या बायकांनी हे मलम वापरायचेच नसते, हे माझ्या भाचीला मी आवर्जून सांगितले, कारण ती माझीच ट्यूब मागत होती. परिणाम चौथ्या महिन्यानंतर दिसू लागला. दर महिन्याला त्याच खिडकीत, सकाळच्या त्याच उजेडात काढलेले फोटो शेजारी ठेवले, तेव्हा गालांवरचे डाग फिकट झालेले, डोळ्यांखालचे बारीक जाळे विरळ झालेले आणि त्वचेचा पोत एकसारखा झालेला स्पष्ट दिसला. आरशात मात्र रोज पाहून काहीच कळत नव्हते. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या खोल घडीवर या मलमाचा काहीही परिणाम झाला नाही, आणि तो होणार नाही असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

ग्लायकोलिक आम्ल उसात आढळते, म्हणून आपल्या जिल्ह्यात ते कौतुकाने ऐकले जाते. पण बाजारातले आम्ल बहुतांशी रासायनिक पद्धतीनेच तयार होते आणि त्याला नैसर्गिक समजून घरी प्रयोग करू नयेत. मला थंडीच्या महिन्यांत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, ३० टक्क्यांपासून पील दिले. काही मिनिटे चुणचुण होते, मग सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने आम्ल निष्क्रिय करतात. प्रत्येक पीलआधी काही दिवस ट्रेटिनॉइन बंद ठेवावे लागले. आपल्यासारख्या वर्णाच्या त्वचेत अशा उपचारानंतर दाह झाला तर काळे डाग उमटण्याची भीती असते, आणि म्हणूनच कडक उन्हाळ्यात पील न करण्याचा डॉक्टरांचा आग्रह मला पटला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत पील ताजे होते. तेव्हा कपाळाला कुंकू आणि टिकली दोन्ही टाळावी लागली, आणि त्याचे स्पष्टीकरण घरोघरी देण्यात माझा बराच वेळ गेला. एका पीलला दोन हजारांच्या आसपास खर्च आला. चेहऱ्यावर तजेला आला हे खरे, परंतु त्यातला किती भाग पीलचा आणि किती मलमाचा, हे वेगळे काढणे शक्य नाही. माझा कल मलमाला श्रेय देण्याकडे आहे.

बोटॉक्सविषयी मला सर्वांत जास्त धास्ती होती आणि प्रत्यक्षात तेच सर्वांत सोपे ठरले. हे जिवाणूपासून मिळणारे प्रथिन मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा ॲसिटिलकोलीन या रसायनाचा संदेश तात्पुरता थांबवते. कॅनडातील जीन आणि ॲलस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने आठ्यांवरील त्याचा उपयोग पुढे आणला, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला २००२ मध्ये मान्यता दिली. या जागेसाठी २० युनिट ही नेहमीची मात्रा आहे. युनिटमागे सुमारे साडेतीनशे रुपये याप्रमाणे माझे सात हजार झाले. औषधाची बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते, म्हणून ती माझ्यासमोर उघडावी, आणि वीज गेल्यावर फ्रिजची काय सोय आहे हे सांगावे, असे मी आधीच स्पष्ट विचारले होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. इंजेक्शननंतर काही तास आडवे न होणे आणि ती जागा न चोळणे एवढेच पथ्य होते. चार-पाच दिवसांनी आठ्या पडेनाशा झाल्या आणि दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम आला. चेहरा सैल असतानाही दिसणारी उभी रेघ मात्र पुसली गेली नाही, फक्त उथळ झाली. जूनपर्यंत स्नायू पुन्हा हलू लागला, म्हणजे तीन-चार महिन्यांची मुदत सांगतात ती बरोबर निघाली. परिणाम खात्रीचा आहे, पण तो टिकवायचा तर वर्षातून तीनदा पैसे मोजावे लागतात. पापणी काही आठवडे खाली येण्याचा धोका थोडा असला तरी असतो, म्हणून सवलतीच्या जाहिरातीपेक्षा टोचणाऱ्या हाताचा अनुभव पाहावा.

फिलरमध्ये बहुधा हायलुरॉनिक आम्लाची जेल असते आणि बसलेला गाल तिने खरोखरच भरतो. पण ती जेल चुकून रक्तवाहिनीत गेली तर त्वचा मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाते; अशा वेळी जेल विरघळवणारे हायलुरॉनिडेज हाताशी असावे लागते. एका ब्युटी पार्लरमध्ये मला डॉक्टरांच्या अनुपस्थितीत फिलर देऊ केले, तेथे या औषधाविषयी विचारल्यावर समोरच्या बाईंना नावही माहीत नव्हते. मी तेथून निघाले. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर सुरकुत्यांवर प्रभावी आहे, पण त्याची उष्णता गव्हाळ त्वचेवर डाग पाडू शकते आणि त्यानंतर काही आठवडे ऊन टाळावे लागते, जे माझ्या नोकरीत जमणारे नव्हते. हायफू ध्वनिलहरींनी साडेचार मिलिमीटर खोलीपर्यंत उष्णता पोहोचवते. जबड्याच्या सौम्य सैलपणाला त्याचा थोडा लाभ होतो, तोही दोन-तीन महिन्यांनी. सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत अनिश्चित फळ असा तो व्यवहार मला दिसला.

एक गोष्ट औषधाच्या दुकानाविषयी. ट्रेटिनॉइन मागितले की काही वेळा हायड्रोक्विनोन हे डाग फिकट करणारे औषध आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड मिसळलेले मलम हातात ठेवतात, कारण त्याच्या नावाखालीही ट्रेटिनॉइन छापलेले असते. त्याने पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, आणि महिनोन्महिने वापरल्यास कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, केस वाढतात. सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एच मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आणली, तरी ती चिठ्ठीशिवाय मिळतात. ट्यूबवरचे घटक पूर्ण वाचावेत आणि त्यात ट्रेटिनॉइन एकटेच असल्याची खात्री करावी.

सध्या सनस्क्रीन आणि ०.०५ टक्के ट्रेटिनॉइन एवढेच चालू आहे. दिवाळीनंतर पील पुन्हा घेणार आहे. बोटॉक्सचा निर्णय भाचीच्या लग्नाची तारीख ठरल्यावर होईल, आणि घ्यायचे झाले तर निदान तीन-चार आठवडे आधी, म्हणजे पूर्ण परिणाम दिसून काही दुरुस्ती लागलीच तर तिला वेळ उरेल.