सेक्स्टंट, आठ महिन्यांनंतर: आरसा चांगला, क्लिप वाईट

जूनमध्ये मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेल्या एका काकांकडून हा जुना सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांचा क्षितिजापासूनचा कोन मोजून आपलं ठिकाण काढायचं जहाजावरचं उपकरण) १६ हजारांना घेतला. वजन, ड्रम, ४×४० दुर्बीण यावर लिहीत बसत नाही, घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. लिहायचंय ते आरशाबद्दल. त्यापायी माझे १,८०० रुपये आणि जवळजवळ अख्खा डिसेंबर गेला.

पुण्यात समुद्राचं क्षितिज नाही. म्हणून धायरीतल्या गच्चीवर स्टीलच्या ताटात काळं इंजिन ऑइल ओततो, त्यातला सूर्य आणि आरशातून उतरवलेला सूर्य कडेला कड लावून जुळवतो आणि आलेला कोन निम्मा करतो, कारण तेलातला सूर्य क्षितिजाखाली तेवढाच खोल दिसतो. मे महिन्यात भर दुपारी हे शक्यच नाही, सूर्य डोक्यावर असतो आणि दुप्पट कोन चापाच्या (कोन वाचायच्या पट्टीच्या) १२० अंशांत मावत नाही. डिसेंबरात मात्र मध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांच्या आसपास, म्हणजे दुप्पट ९६. याच दिवसांसाठी थांबलो होतो आणि नेमकं तेव्हाच बिंब बिघडलेलं दिसलं. सूर्याची कड एका बाजूला ओघळल्यासारखी. पुन्हा पुन्हा वाचन घेतलं तरी दोन-दोन मिनिटांचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक, आणि एक मिनिट म्हणजे निम्मं करूनसुद्धा जमिनीवर ९०० मीटरच्या वर.

पावसाळ्यात दमट हवेने पारा गेला असणार, असं मी धरून चाललो. पेठेतल्या एका दुकानात नेला. त्यांनी हातभर अंतरावरचा बल्ब इंडेक्स आरशात (कोनाबरोबर फिरणाऱ्या आरशात) दाखवला, दोन बल्ब दिसले. "पारा गेलाय, काच बदलावी लागेल." बदलली. त्या रात्री सिंहगडावरच्या टॉवरचा लाल दिवा पाहिला, तर नव्या काचेत दिव्याशेजारी फिकट दुसरा दिवा! परत गेलो तर म्हणाले, एवढं चालतं. पैसे परत नाहीत. नशीब, जुनी काच मी मागून घेतली होती.

बल्बची ती परीक्षाच चुकीची. मागून पारा चढवलेल्या आरशात जवळची वस्तू दोनदा दिसतेच, एकदा काचेच्या पुढच्या पृष्ठावरून, एकदा पाऱ्यावरून. काचेच्या दोन्ही बाजू समांतर असतील तर दूरच्या वस्तूची ही दोन बिंबं एकावर एक बसतात. दूरचा दिवासुद्धा दोन दिसला तर काच पाचरीसारखी, आणि नवी काच तशीच होती.

मग काकांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "सकाळी सूर्य खाली असताना कशी दिसते रे कड?" बघितलं नव्हतं. जुनी काच बसवून सकाळी बघितलं: दुप्पट कोन ४०, कड धारदार. दुपारी ९६, पुन्हा ओघळ. तोच सूर्य, त्याच काळ्या काचा. "मग आरसा वाकलाय," काका म्हणाले. "क्लिपा बघ."

कोन वाढतो तसे किरण इंडेक्स आरशावर अधिकाधिक तिरके पडतात, त्यामुळे काचेतला किंचितसा बाकही ठळक दिसू लागतो. आरशाच्या मागे तीन टेकू आहेत. काच धरणाऱ्या तीन क्लिपांपैकी दोन बरोबर टेकूंसमोर, तिसरी जेमतेम पाच मिलिमीटर सरकलेली आणि स्क्रू करकचून आवळलेला. तिथे काच अधांतरी दाबली जात होती. क्लिप जागेवर आणली, स्क्रू अर्धा फेरा सैल केला. काच हलत नाही, पण आवळलेलीही नाही. दुर्बिणीतून थेट आणि आरशातून अशी आलटून पालटून समोरच्या इमारतीवरची टाकी पाहिली. दोन्हीकडे शिडीचे दांडे सुटे सुटे दिसले.

डिसेंबरात कोणी विचारलं असतं तर पाचपैकी दोन दिले असते. आज साडेचार. अर्धा कापला तो या क्लिपच्या रचनेसाठी. टेकूसमोर बसवायला साधी खाचसुद्धा नाही, त्यामुळे पुन्हा कोणीही चुकवू शकतो. सेक्स्टंट जुना घेत असाल तर काच बदलायचा विचार करण्याआधी क्लिपा बघा, आणि सूर्याची कड तो खाली असताना व वर असताना अशी दोन्ही वेळा बघा.

क्लिपेला हात लावला की सगळी जुळवणी ओळीने नव्याने करावी लागते: आधी इंडेक्स आरसा काटकोनात, मग होरायझन आरसा (दुर्बिणीसमोरचा स्थिर आरसा), शेवटी इंडेक्स त्रुटी, म्हणजे शून्य कोनाला वाचन शून्यापासून किती सरकतं ते. ती सूर्याची दोन बिंबं दोन्ही बाजूंनी कडेला कड लावून काढली: चापावर (शून्याच्या एका बाजूला) ३१.४ मिनिटं, चापाबाहेर (दुसऱ्या बाजूला) ३३.८. बेरीज ६५.२, म्हणजे सूर्याचे चार अर्धव्यास; चौथा हिस्सा १६.३. जानेवारीच्या सुरुवातीला पंचांगात सूर्याचा अर्धव्यास तेवढाच आहे. क्लिप सरकलेली असताना हीच बेरीज कधी ६७, कधी ६८ यायची.